उलट्या फळ्या

आई गेल्यापासून बाबा खुर्चीतून हलत नव्हते. मग एके दिवशी त्यांनी घराच्या बाहेरच्या भिंतीवरच्या कुजलेल्या फळ्या काढून नव्या ठोकायला घेतल्या. मी दौऱ्यावरून परतलो, तर भिंत पुरी होत आलेली. बघतो तर काय, वरच्या फळीची कड खालचीवर यायला हवी, इथे खालचीच वरचीवर चढलेली! पाऊस पडला की पाणी सरळ भिंतीत.

"अगं, सगळं उलटं लागलंय!" मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हणालो.

"हळू बोल. मला पहिल्याच दिवशी दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"आत्ता कुठे चार घास नीट जेवायला लागलेत ते. तूही चकार शब्द काढू नकोस."

पण मला राहवेना. शिडीपाशी गेलो आणि विषय काढलाच.

"माहितीय मला," तोंडात धरलेला खिळा काढत बाबा म्हणाले. "निम्म्यात आल्यावर लक्षात आलं."

"मग थांबला का नाहीत?"

"थांबून काय करू?" त्यांनी पुढची फळी उचलली. "पुरी झाली की उखडून पुन्हा लावीन. तेवढं सूनबाईला सांगू नकोस. रोज येऊन कौतुक करते बिचारी."