खंडेनवमीचा कीबोर्ड

ऋजूच्या खोलीतला पंखा वैदेहीनं शनिवारपासून कुणाला लावू दिला नव्हता. खिडक्याही बंद. घर सोडून जाताना लेकीनं कॉम्प्युटर पार कोरा केला होता; उरला होता तो फक्त कीबोर्डवरचा मळ. प्रयोगशाळेचं यंत्र त्या मळाचा एकेक थर वाचायचं आणि शेवटी काय टाइप केलं होतं ते सांगायचं. एखाद्या गावाचं नाव, कुणाचा पत्ता, काहीतरी हाती लागलं असतं.

प्रयोगशाळेच्या गाडीला गल्ली सापडेना, म्हणून वैदेही चपला न घालताच कोपऱ्यापर्यंत धावली. तिथून तंत्रज्ञ मुलीला घेऊन ती परतली, तेव्हा खोलीत पंखा गरगरत होता.

कीबोर्ड लख्ख होता. त्यावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल.

"आज खंडेनवमी ना!" सासरे कौतुकानं म्हणाले. अण्णांनी जन्मभर लेथवर काम केलेलं. पूजेला हत्यार मळकं ठेवणं त्यांना जमायचंच नाही. "एकेक बटण काढून स्पिरिटनं पुसलं. ऋजू सहलीहून आली की खूश होईल बघ."

ती सहलीला गेलीय, असं त्यांना वैदेहीनंच सांगितलं होतं. म्हाताऱ्या जिवाला घोर नको म्हणून.

तंत्रज्ञ मुलीनं त्यांच्या हातातलं काळपट फडकं घेऊन उजेडात धरलं. "अक्षरं सगळी आहेत यात," ती हळूच म्हणाली, "पण कुठल्यामागून कुठलं, ते आता नाही कळायचं."

वैदेहीनं ते फडकं तिच्या हातातून घेतलं आणि छातीशी धरलं. अण्णांनी पंखा बंद केला.

"सूनबाई," ते म्हणाले, "पोर कुठंय?"