मामाचा कोट

"हे माप मानसाचं हाय का वाकलेल्या बाभळीचं?" कडुबानं कागद चष्म्याला भिडवला.

डबा घेऊन दुकानात आलेली त्याची बायको लीलाबाई बाकड्यावर टेकली. "आपल्या होनाऱ्या सुनंच्या मामाचं हाय. मेघाच्या. लग्नात त्येस्नी आपल्याकडून कोटाचा मान द्यायचं ठरलंय. तिकडल्या शिंप्यानं घेतलंय माप."

"अन् ट्रायलला येनार कवा?"

"नाय येत. नागपूरला असत्यात. लग्नाच्या सकाळीच उतरतील."

चाळीस वर्षांत कडुबानं ट्रायलबिगर कोट कुणाला दिला नव्हता. लग्न ठरलेला लेक प्रणय तिथंच होता. त्यानं संधी साधली.

"बाबा, रेडीमेड घेऊ. तुमाला सुईत दोरा ओवता येईना. लग्न झालं की दुकान बंद करा आता."

हे कडुबाला लई झोंबलं.

"ऐक. ह्या कोटाचा एक टाका जरी उसवायला लागला, तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शटर खाली. अन् बसला, तर मरंपतुर हा विषय काढायचा नाय."

"कबूल," प्रणय म्हणाला. जरा लवकरच म्हणाला.

कडुबानं राखाडी कापड आधी पाण्यातून काढलं, सावलीत वाळवलं. मग कागद समोर ठेवून खडूनं आखायला बसला. आकडे वाचता वाचता त्याला माणूस दिसायला लागला.

"लीला, डावा खांदा पाऊन इंच खाली हाय गड्याचा. पाठीला बाक. पोट म्होरं. जलमभर मान खाली घालून काम केलंय यानं. कारकून असंल."

"असंल."

"माझ्या शेजारी हुबा ऱ्हायला, तर लोक मलाच नवरदेव समजतील."

लीलाबाईला एकदम ठसका लागला. पाणी प्यायली, मग थांबला.

छातीच्या आत कॅनव्हासचं ताठ अस्तर घातलं. त्याला हातानं बारीक टाके, शेकड्यानं, वरून एकबी दिसायचा नाय असे. पाठीला बाक म्हणून मागं कापड जास्त सोडलं, पुढं छातीवर कमी केलं. खाली असलेल्या खांद्यात गादी जाड भरली. माणसाचं उणं कोटानं झाकायचं, गावभर सांगायचं नाय, हे त्याला त्याच्या उस्तादानं शिकवलं होतं. बाही कच्च्या शिलाईवर तीनदा लावली, तीनदा काढली. काजं हातानंच केली. डोळ्यांतून पाणी यायचं, पण टाका चुकत नव्हता. दीड महिना गेला.

"बसनार," तो रोज म्हणायचा. "मानूस न बघता बसनार."

लग्नाच्या सकाळी गारखेड्याच्या हॉलवर कडुबा कोट हातावर घेऊन दारातच उभा राहिला. गाडीतून मामा उतरला.

"जयभीम, व्याही!"

मामा ताडासारखा उंच. छाती ताठ, दोन्ही खांदे सरळ, पोट नावाला नाय. अंगात त्याचा स्वतःचा निळा सूट. कडुबाचा कोट त्याच्या बेंबीपाशीच अडकला असता.

कडुबानं प्रणयला बाजूला घेतलं. नवरदेवाच्या डोळ्याला डोळा देता येईना.

"हरलो म्या. उद्या शटर खाली."

प्रणयनं कोट घेतला, बापाच्या मागं गेला, एक हात बाहीत सारला, मग दुसरा. पुढून बटण लावलं आणि त्याला दाराजवळच्या आरशाकडं वळवलं.

खांदे एका रेषेत. पाठीवर चुणी नाय. बाही मनगटाशी येऊन बरोबर थांबलेली. कडुबानं हात वर केले, खाली केले, पुन्हा वर केले. कुठंच ओढ नव्हती.

"पर... ह्ये माप तर तिकडल्या शिंप्यानं..."

"कुठला शिंपी अन् काय!" लीलाबाई त्याची कॉलर नीट करत म्हणाली. "सोतासाठी कोट शिवा म्हनलं असतं, तर शिवला नसता तुमी. दुकानातल्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपायचा तुमी. तीन दुपारी लागल्या मला. टेप छातीवर आली, का तुमचं घोरनं थांबायचं."