जोडखिळे

"काय म्हणतंय गो तुझं यंत्र?" धर्माकाकांनी विचारलं.

"दोन नाणी, एक तुटकं पैंजण. होडी नाही," केतकी म्हणाली.

काही वर्षांपूर्वी काकांचा मुलगा जनू त्यांनीच बांधलेली होडी घेऊन गेला, त्याच रात्री वादळ झालं. होडी विकून पळाला, असं गाव म्हणायचं. इथेच वाळूत गाडली गेली असेल, असं काकांचं म्हणणं.

केतकी दोन वर्षं या किनाऱ्यावर छंद म्हणून धातू शोधत होती. एवढ्या खिळ्यांची होडी असती तर यंत्र वाजलंच असतं. मग तिला आठवलं. गंजक्या लोखंडाची कटकट नको म्हणून तिनं पहिल्याच दिवशी लोखंडाचा आवाज बंद केला होता.

तिनं बटण फिरवलं. खडकापाशी यंत्र दोनदा वाजलं. वीतभर पुढे पुन्हा दोनदा. आवाजांच्या दोन रांगा पुढे जाऊन टोकाला मिळाल्या.

"जोडखिळे," काका म्हणाले. "असे दोन-दोन मीच ठोकतो."

ते वाळूवरून हात फिरवत राहिले. "चोर नव्हता माझा पोर. गावाला आजच सांगतो."

पण त्यांना उठवेना. "त्याच्या आईला मात्र तो पळालेलाच बरा होता गो."