पाण्यात मुरलेलं लाकूड

नाल्याच्या रेतीत अर्धं रुतलेलं खोड दिसलं आणि देवाजी मिस्त्रींनी पिशवीतली करवत बाहेर काढली. सालीच्या भेगा, गाठी, तुटल्या टोकाला एकात एक वर्तुळं. वा! "तुझा पोळपाट निघतो यातून," त्यांनी बायकोला सांगितलं.

सुताराच्या घरात येऊनही ती बिचारी लग्नापासून उपड्या ताटावर पोळ्या लाटत होती. तिनं पदर खोचला आणि खोड धरून बसली.

करवत किंचाळली, पण खोडावर ओरखडा उठेना. "पाण्यात मुरलंय, म्हणून कडक," असं म्हणत मिस्त्रींनी आणखी जोर लावला. करवतीचे दातच गेले.

पुढे दगड शोधत गेलेली लेक आवाज ऐकून धावत आली. ती नागपूरला भूगर्भशास्त्र शिकत होती. खोडाला हात लावताच तिनं उडीच मारली. "बाबा, हा दगड आहे! कोट्यवधी वर्षांपूर्वी हे झाड गाळात गाडलं गेलं. हवा लागली नाही, म्हणून लवकर कुजलं नाही. पाण्यातले क्षार हळूहळू आत मुरले, लाकूड विरत गेलं आणि त्याच्या जागी हुबेहूब दगड तयार झाला!"

लाकूड ओळखण्यात मिस्त्री आजवर कधी चुकले नव्हते. बायकोसमोर तर नाहीच. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हणजे लाकूडच होतं ना? मला पोचायला जरा उशीर झाला, एवढंच."

"होय न," खोडावर ऐसपैस बसत बायको म्हणाली, "मी पोळपाट मागितला, तेव्हा हे झाड हिरवंगार होतं!"