वजनाची नळी

प्रयोगशाळेत, नळ्या गरगर फिरवून गाळ तळाशी बसवणाऱ्या यंत्राचं झाकण उघडून ती तशीच उभी राहिली. एका बाजूला तिची नळी होती, समोरची जागा रिकामी. दोन्हीकडे सारखं वजन नसेल तर हे यंत्र फिरताना थयथयाट करायचं. एरवी ती समोर शुद्ध पाण्याची नळी लावत असे. आज पाण्याचा कॅन ठणठणीत कोरडा होता.

सहा महिने ती जिवाणूंच्या मागे हात धुऊन लागली होती. पानाला पाणी कमी पडलं की आत धोक्याची घंटा वाजवणारं एक प्रथिन असतं. ते भरपूर मिळावं म्हणून झाडाचं ते जनुक तिने जिवाणूंमध्ये घातलं होतं. जिवाणू प्रथिन करत, पण त्याचे गोळे होऊन तळाशी बसत. तिला ते हवं होतं वरच्या द्रवात विरघळलेलं. मग ती जिवाणूंना कामाला जुंपणारं औषध आणखी वाढवी. आई फोनवर म्हणायची, "अगं, जंतू झाले म्हणून काय झालं, त्यांनाही दम खाऊ दे की!" ती हसण्यावारी न्यायची.

आज शेवटची संधी होती. आजही काही दिसलं नाही तर तिचे मार्गदर्शक सर हे काम बंद करणार होते. त्यांनाही वाईटच वाटत होतं.

काचसामान धुणाऱ्या मावशींनी बेसिनपाशी एक नळी उचलली. "ही ओतू ना गं? नेहमी ओतायलाच देतेस."

तुलनेसाठी, औषध न घालता वाढवलेल्या त्याच जिवाणूंचा रस होता तो. दर वेळी नियम म्हणून करायचा आणि फेकायचा.

"थांबा मावशी. वजनाला चालेल."

दुपारी ते प्रथिन शोधणाऱ्या तपासणीच्या पट्टीवर मापाच्या रेघा उमटल्या. तिच्या द्रवाची जागा कोरी होती. शेजारची एक जागा उरली होती, म्हणून तिने तिथे वजनाच्या नळीतला द्रवही सोडला होता. तिथे एक रेघ होती. बारीकच, पण तिचं प्रथिन जिथे दिसायला हवं, अगदी त्याच उंचीवर.

सर चष्मा कपाळावर सरकवून वाकले.

"यात औषध किती घातलं होतंस?"

"काहीच नाही, सर," ती हळूच म्हणाली. "या जिवाणूंच्या मागे मी कधी लागलेच नव्हते."