वर्षातून एकदा पुरे

“वर्षातून एकदा पुरे, अण्णा,” बॉनेटखालून डोकं न काढताच मिस्त्री म्हणाला. “तुम्ही दर दोन महिन्यांनी आणता. गाडी आहे ही, बाळंतीण नाही सारखी तपासायला.”

“हेडलाइट मंद झालेत.”

“मागच्या खेपेला नवे बल्ब घातले की!”

“मग काच धुरकट झाली असेल. समोरचं नीट दिसत नाही. आणि ब्रेक उशिरा लागतात.”

मिस्त्रीने काच फडक्याने पुसली. ती आधीच लख्ख होती. मग त्याने गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली. ब्रेकवर पाय टेकायचा अवकाश, गाडी शहाण्या लेकीसारखी जागच्या जागी थांबायची.

“कशी वाटली?” अण्णांनी विचारलं.

“चांगली आहे. तुमच्या हाताखालची गाडी, तिला काय धाड भरलीय?”

अण्णा हसले नाहीत. शेडच्या खांबाला हात लावून उभे राहिले. गाडी त्यांनी तरुणपणी घेतली होती. मिस्त्रीचं गॅरेजही तेव्हा नवंच होतं. दोघांचे केस या गाडीच्या साक्षीने पिकले. अण्णांची बायको पुढच्या सीटवर बसायची, मुलगा मागे झोपायचा. मागच्या वर्षी पुढची सीट रिकामी झाली, आणि तेव्हापासून सर्व्हिसिंगच्या खेपा वाढल्या. आधी हॉर्न बारीक वाटला, मग स्टिअरिंग जड झालं. मिस्त्री प्रत्येक वेळी सगळं उघडायचा, बघायचा, आणि होतं तसं बंद करायचा.

“ठेवून जातो आज,” अण्णा म्हणाले. मग त्याला दाराशी बोलावून ते बराच वेळ हळू आवाजात सांगत राहिले. गाडीबद्दलच्या त्यांच्या सूचना कधी एका दमात संपत नसत. मिस्त्री हातातलं फडकं पिळत ऐकत होता.

अण्णा भिंतीच्या कडेकडेने, पावलापुढे पाऊल चाचपत, चालत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाता जाता मुलगा आला. चाळिशी ओलांडलेला, पण गॅरेजात पाऊल टाकलं की अजून पोरासारखा दारातच अडखळायचा.

“मिस्त्रीकाका, कामात आहात?”

“ये रे. स्टूल पुसून घे आधी, पँट काळी होईल.”

तो बसला नाही. “अण्णांचं बोलायचंय. परवा गल्लीच्या तोंडाशी एक सायकलवाली मुलगी थोडक्यात वाचली. त्यांना दिसलीच नाही ती. घरी येऊन म्हणाले, ब्रेकच दगा देतायत.”

मिस्त्रीने पाना खाली ठेवला.

“डोळे गेलेत हो त्यांचे. पण कोणत्या तोंडानं सांगू? आई गेली, माणसं येईनाशी झाली. आता ही गाडीच तेवढी राहिलीय. मी ‘चालवू नका’ म्हटलं तर मोडून पडतील. आणि नाही म्हटलं, तर एखाद्या दिवशी कुणाचं तरी लेकरू… धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.”

“मग मी काय करू म्हणतोस?”

“तुमचा शब्द ते खाली पडू देत नाहीत. गाडी संपली म्हणून सांगा. दुरुस्त होणारच नाही असं काहीतरी सांगा. माझ्यासाठी एवढं खोटं बोला, काका.”

मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने पाठ फिरवली आणि नळाखाली हात धुतले. हात स्वच्छ झाले तरी तो धूतच राहिला.

“बोलेन,” तो म्हणाला. “संध्याकाळी घेऊन ये त्यांना.”

तो इतक्या चटकन कबूल होईल असं मुलाला वाटलं नव्हतं. उन्हं कलताना बापलेक आले. मुलाने अण्णांचा दंड धरला होता, सहज धरल्यासारखा. गाडी जॅकवर उचललेली होती.

“अण्णा,” मिस्त्री म्हणाला, “वाईट सांगायचंय. चेसिस गंजलीय. आतून पार भुगा झालाय.”

“पत्रा मार की.”

“पत्रा जोडायला तरी धड लोखंड हवं ना? इतके दिवस चालली ती नुसत्या सवयीने. आता रस्त्यावर न्यायची नाही.”

“दुसरीकडे दाखवलं तर?” अण्णांनी विचारलं. मुलाने श्वास रोखला.

“खुशाल दाखवा. पण तुमच्या गाडीचं वाईट मी उगाच सांगेन का?”

अण्णा हळूहळू गाडीभोवती फिरले. परगावी निघालेल्या लेकीच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यांनी टपावरून हात फिरवला. पुढच्या दाराशी हात थबकला. ते दार त्यांनी उघडलं नाही.

“बरं,” ते म्हणाले. “आयुष्यभर साथ दिली बिचारीने. आता ओढायची नाही तिला.”

मुलाचे डोळे भरून आले. तो भिंतीकडे तोंड करून नाक ओढत उभा राहिला.

“अरे वेड्या, लोखंडच ते!” अण्णांनी त्याची पाठ थोपटली. “तू कशाला डोळ्यांत पाणी आणतोस? जा, कोपऱ्यावर टॅक्सी मिळते का बघ.”

मुलगा नाक पुसत बाहेर पडला. अण्णा त्याच्या पावलांचा आवाज ऐकत राहिले. तो कोपऱ्यापर्यंत गेला, मग ऐकू येईनासा झाला. तेव्हा त्यांनी मिस्त्रीचा तेलकट हात चाचपत शोधला आणि दोन्ही हातांत घट्ट धरला.

“काल मी सांगितलं होतं त्याहून झकास बोललास रे,” ते म्हणाले. “गाडी थकली, एवढंच वाटू दे त्याला; बाप थकला हे कळलं तर पोर खचून जाईल.”