लग्नाआधीचं पथ्य

"आई, मला नको. रागावू नका," असं म्हणत बोरामने सूपचा वाडगा हलकेच पुढे सरकवला.

ओकबुनच्या हातातला डाव तसाच राहिला. कोरियातल्या बुसान शहरात मासळीबाजारामागे तिची सूप-भाताची खानावळ होती. एकोणतीस वर्षांत कुणी भरलेला वाडगा परत केला नव्हता. आणि करणारी कोण, तर होणारी सून! तीही चार गिऱ्हाइकांसमोर.

बोरामने पिशवीतून डबा काढला. उकडलेल्या कोंबडीचे पांढरेफटक तुकडे, अर्धं रताळं, काकडी. शेजारी बसलेला तेग्यून, ओकबुनचा एकुलता एक मुलगा, तेच मुकाट्याने चावत होता. ज्या पोराला लहानपणी डुकराच्या हाडांच्या सुपाशिवाय झोप लागत नसे, तो काकडी चावत होता.

"तुझं काय दुखतंय रे?"

"लग्नाआधी दोघांनी मिळून वजन उतरवायचं ठरवलंय, आई. हल्ली सगळेच करतात."

"सगळे करतात म्हणे!"

कोपऱ्यातून मासळीवाली सुन्नाम हसली. "फोटोत मावायला नको का, ओकबुन? आपण नवऱ्याला खाऊ घालायचो, या उपाशी ठेवतात."

ओकबुनची कानशिलं तापली. गेल्या शरद ऋतूत हीच बोराम पहिल्यांदा घरी आली होती. घाम पुसत दोन वाडगे संपवले होते तिने, आणि वर आंबवलेल्या मुळ्याची तिखट किमची मागून घेतली होती. गोल चेहरा, खळखळून हसणं. ओकबुनला ती तिथेच आवडली होती. हिवाळा लागला आणि पोरगी बदलली. आता गाल ओढलेले, हसणं गेलेलं, आणि प्रत्येक घासाला "नको".

खरं तर ओकबुनला राग सोसत नसे. यकृत निकामी होत चाललं होतं. पाय सुजायचे, दुपारी पातेल्यापाशी उभं राहवायचं नाही. तेग्यूनच्या हट्टापायी दुसऱ्याचं यकृत मिळावं म्हणून इस्पितळाच्या यादीत नाव घातलं, त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हा त्याने स्वतःचं यकृत देऊ केलं होतं. पण आईकडून जन्मतःच आलेला काविळीचा विषाणू त्याच्याही रक्तात निघाला. डॉक्टर "चालणार नाही" म्हणाले तेव्हा ओकबुनला सुटल्यासारखं झालं होतं. पोराच्या पोटाला सुरी नको. त्याचं लग्न बघावं, त्याला पोटभर जेवताना बघावं, एवढंच तिचं मागणं. तेवढंही ही मुलगी हिरावून घेत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खानावळ उघडायच्या आधी ती वस्तीतल्या उंच पायऱ्यांपाशी गेली. दोघं रोज तिथे व्यायाम करतात, हे सुन्नामनेच सांगितलं होतं.

बोराम पायऱ्या चढत होती. गुडघ्यांवर हात टेकत, धापा टाकत, रडकुंडीला येऊन. मागून तेग्यून म्हणत होता, "पुरे आता. बस जरा."

"अजून एकदा," बोराम म्हणाली.

ओकबुनचा तोल गेला. "म्हणजे हे खूळ तुझंच! माझ्या पोरालाही फरफटवतेस?"

तेग्यून मध्ये आला. "आई, मी माझ्या मनाने येतो. तिला एकटीला करू देऊ?"

"तू गप्प बस! काय गं पोरी, कुठल्या पोशाखात मावायचंय तुला? आम्ही तुला जाडी म्हणून हिणवलं होतं का? माझ्या हातचं खायची लाज वाटते, तर माझ्या घरात कशाला येतेस?"

बोरामच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता. ती मान खाली घालून म्हणाली, "जरा थांबा, आई. मग दोन वाडगे खाईन. तुमच्यासमोर बसून."

"मी असेन की नाही तेव्हा, कुणाला ठाऊक!"

बोरामने झटकन वर पाहिलं. डोळे भरून आले होते. ती कमरेत वाकली, नमस्कार केला आणि पुन्हा पायऱ्या चढू लागली. उलट उत्तर दिलं असतं तर ओकबुनला बरं वाटलं असतं. हा असला अबोल हट्ट तिला जास्त झोंबला.

त्या दुपारी तिने मुलाला बजावलं, "पुढच्या महिन्यात त्या मुलीशी लग्न लावायचं असेल, तर मंडपातली माझी खुर्ची रिकामी ठेव."

जन्मात कधी आवाज न चढवलेला तेग्यून ओरडला, "तुला काही माहीत नाही, आई!"

"मग सांग ना!"

तो तडक बाहेर निघून गेला. बघा, ओकबुन स्वतःशीच म्हणाली, लग्नाआधीच पोरगा परका झाला.

चार दिवसांनी इस्पितळातून फोन आला. तेग्यूनला न सांगता ती एकटीच बसने गेली. वाटभर मनातल्या मनात बोरामशी भांडत होती.

यादीचं काम बघणाऱ्या परिचारिकेने तिला खुर्ची दिली. "आजी, यकृत मिळालंय."

"कोण गेलं बिचारं?"

"कुणी गेलं नाही. जिवंत माणूस देतंय. तुमच्याच घरातलं."

"माझ्या घरात मुलाशिवाय कोणी नाही. आणि त्याचं चालत नाही, तुम्हीच सांगितलंत."

परिचारिकेने समोरचा कागद वळवून तिच्यापुढे धरला.

"तुमच्या सूनबाई. समारंभ पुढच्या महिन्यात असला, तरी लग्नाची नोंदणी त्यांनी जानेवारीतच केलीय. तेव्हा तपासलं तर त्यांच्या यकृतात चरबी फार होती, आम्ही परत पाठवलं. 'चार महिने द्या, उतरवून येते, पण तोवर आईंना सांगू नका, त्या नाही म्हणतील,' असं सांगून गेल्या. काल येऊन तपासून घेतलं, आता चालेल."